कमरेचं आणि नेमाचं

तर मंडळी, प्रश्न असा आहे. "ताई, एखादं छोटंसं पिस्तूल सुचव ना. कमरेला पण लावता येईल आणि रविवारी तुझ्याबरोबर रेंजवर नेम मारायला पण चालेल." विचारणारा माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्याआधी एका आतेभावाने विचारलं होतं आणि सातिवलीतल्याच दोन गाळेवाल्यांनी. चौघांनाही तोंडी जे सांगितलं ते त्यांच्या डोक्यात शिरलेलं दिसत नाही, म्हणून आता लिहूनच टाकते. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात (कॉमेंट टाकत नाहीत, थेट आईला फोन करतात), त्यामुळे योग्य ठिकाणी पोचेलच.

उत्तर एका ओळीत: असं पिस्तूल नसतं. कुठल्याच कंपनीचं नसतं. कमरेला जे गुण लागतात ते नेमबाजीत दोष ठरतात, आणि नेमबाजीतले गुण कमरेला लावले की पायात गोळी घुसते. आता सविस्तर.

मी बारा वर्षं एअर पिस्तूल मारते. फार मोठी खेळाडू नाही, ६०० पैकी ५४० च्या आसपास घुटमळते. पण बारा वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की पिस्तूल मारणं हे हातापेक्षा चापाचं काम आहे. १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा असा नियम आहे, आणि आम्ही सगळे त्या ५०० च्या जेवढं जवळ जाता येईल तेवढं जातो. २५ मीटरच्या पॉइंट टू-टू पिस्तुलाला हीच मर्यादा १००० ग्रॅम. म्हणजे बोट नुसतं टेकवलं, जरा विचार केला, की गोळी सुटली. हे पाहिजेच, कारण चाप जड असेल तर तो ओढताना मनगट हलतं आणि दहाचा आठ होतो.

आता हेच पिस्तूल कमरेला लावून वसई रोडहून दादरला जाणारी आठ-वीसची लोकल पकडा. मला बघवणार नाही. कमरेच्या हत्याराचा चाप मुद्दाम जड ठेवलेला असतो. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न ओढता सरळ चाप दाबायचा म्हटलं तर चार-पाच किलोचा जोर सहज लागतो. तो दोष नाही. गर्दीत, झोपेत, घाईत, शर्टाचं टोक अडकल्यावर गोळी सुटू नये म्हणून केलेली ती सोय आहे. पाच किलोचा चाप ओढून दहा मीटरवर ११.५ मिलिमीटरच्या ठिपक्यात (हो, दहाचं वर्तुळ एवढंच असतं, शर्टाच्या बटणाएवढं) मारून दाखवा. मी चहा पाजते.

दुसरं, लांबी. हा हिशेब भावाला कागदावर करून दाखवला होता, इथेही देते. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात खिशातल्या पिस्तुलावर साधारण १२ सेंटिमीटर अंतर असतं. माझ्या एअर पिस्तुलावर ते ३३ च्या आसपास आहे. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली तर दहा मीटरवर लांब पिस्तुलाची गोळी ३ सेंटिमीटर चुकते. छोट्याची सव्वाआठ सेंटिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे किती? चहा पिऊन हात जरा थरथरला एवढंच. "कॉम्पॅक्ट" हा शब्द ऐकायला गोड आहे, पण नेमाच्या भाषेत त्याचं भाषांतर "चूक जवळजवळ तिप्पट" असं होतं.

आणि वजन. कमरेला हलकं हवं, नाहीतर पँट घसरते. नेमाला जड हवं, नाहीतर झटक्याने नळी वर उडते. आमच्या खेळात एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, आणि मूठ तर अशी कोरलेली असते की हात त्यात मोज्यासारखा बसतो. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं (कोल्हापूरची आहे, हे सांगायची गरज नसावी). असल्या खेळातलं एखादं पिस्तूल कमरेला खोचून बघा. लाकडाची ती मूठ बरगडीत घुसेल आणि बसता येणार नाही.

इथे आतेभाऊ म्हणतो, "अगं पण जसपाल राणाने तर बत्तीसनेच मेडल मारलं ना?" बरोबर आहे. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये सेंटर फायरचं सुवर्ण त्याचंच. सेंटर फायर स्पर्धेत बत्तीसचं पिस्तूल चालतं. पण ते बत्तीस आणि दुकानदार कपाटातून काढून दाखवतो ते बत्तीस ह्यांचं गोत्र वेगळं. खेळातलं काडतूस लांब असतं, त्याची गोळी पुढून सपाट असते, कागदाला स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. खिशातल्या पिस्तुलाचं काडतूस आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. आकडा सारखा म्हणून वस्तू सारखी मानायची झाली तर बत्तीस नंबरची बससुद्धा चालेल.

आता भावाच्या अभ्यासाबद्दल. रात्री जागून यूट्यूबवर त्याने अमेरिकन मंडळींचे व्हिडिओ पाहिले. टोपी घातलेला एक दाढीवाला माणूस टेबलावर दहा पिस्तुलं मांडून सांगतो की ग्लॉक १९ सारखं दुसरं नाही. भावाने तुलनेचा तक्ता केला. एक्सेलमध्ये! रंगीत! त्याने गाळ्याचे जीएसटीचे रिटर्न कधी इतक्या निगुतीने भरले नसतील. मी फक्त एवढंच विचारलं की ह्यातलं ९ एमएम नसलेलं काय काय आहे? तक्ता जवळजवळ रिकामा झाला. आपल्याकडे ९ एमएम हा निषिद्ध बोर आहे, तुम्हाआम्हाला त्याचा परवाना मिळत नाही. परदेशी पिस्तुलांची आयात सामान्य माणसाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे इथे "निवड" म्हणजे काय, तर सरकारी कारखान्याचं बत्तीस, दोन-चार खाजगी कंपन्यांचं बत्तीस, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांचं जुनं वाल्थर किंवा वेब्ली, जे आता लाखांत जातं आणि ज्याच्या स्प्रिंगचं वय विचारायचं नसतं.

सरकारी कारखान्याने २०१४ च्या जानेवारीत बायकांसाठी म्हणून "निर्भीक" नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत १,२२,३६० रुपये. दिल्लीच्या त्या मुलीच्या नावावरून नाव घेतलेलं, पर्समध्ये मावेल असं. मला तेव्हा तीन जणांनी बातमी पाठवली होती, "तुझ्यासाठीच आहे बघ." मला त्या जाहिरातीचा राग आला होता आणि आजही येतो. ती मुलगी बसमध्ये चढली होती, सिनेमा बघून घरी जात होती. सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर ही तिच्या प्रश्नावरची सरकारी तोड? बस सुरक्षित करा की! असो, विषय लांबेल. २०२३ मध्ये "प्रबल" आलं, कानपूरच्या नव्या सरकारी कंपनीचं, पल्ला ५० मीटर म्हणून गाजवलेलं. ५० मीटरवर उभा असलेला माणूस तुमच्या जिवावर उठलाय हे तुम्ही कसं ठरवणार, हे मात्र बातमीत नव्हतं.

ह्यावर भाऊ म्हणतो, "ताई, तू खेळाचं बोलतेस. माझा प्रश्न जिवाचा आहे." हे मी हसण्यावारी नेणार नाही. त्याला भंगाराच्या व्यवहारावरून धमकीचा फोन आला होता. संध्याकाळी सातनंतर सातिवलीच्या आतल्या गल्ल्यांमध्ये काय असतं हे मला माहीत आहे, मी तिथेच हिशेब बघते. पावडर कोटिंगच्या भट्ट्या बंद झाल्या, कामगार गेले, लाइट गेली, की गाळ्यांच्या दोन रांगांमध्ये कुत्री आणि टेम्पो एवढंच उरतं. महिनाअखेरीला पूर्वी बाबा पगाराची रोकड पिशवीत घालून आणायचे तेव्हा आई दारात उभी असायची. ती भीती आमच्या घरात आहे. खरी आहे.

पण त्या भीतीवर पिस्तूल हा उपाय आहे का, ते बघू. पहिली गोष्ट, रोकड आता कुठे आहे? पगार खात्यात जातो, चहावाल्याला सुद्धा स्कॅन करून पैसे देतोस. दुसरी गोष्ट, हल्ला करणारा सांगून येत नाही. १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात बाबा सिद्दिकींना गोळ्या घातल्या तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होतं. प्रशिक्षित शिपाई बरोबर असताना जे झालं, ते तू बाइकवरून उतरून, जॅकेटची चेन उघडून, होल्स्टरचं बटण काढून थांबवणार आहेस? नियम असा की परवान्याचं हत्यार सार्वजनिक जागी झाकूनच न्यायचं, मिरवायचं नाही. नियम चांगलाच आहे. पण झाकलेलं हत्यार बाहेर काढायला वेळ लागतो आणि तो वेळ समोरच्याने आधीच घेतलेला असतो.

शिवाय चेंबरमध्ये काडतूस ठेवणार की नाही? नाही ठेवलं तर स्लाइड मागे ओढायला दोन्ही हात लागतात, आणि एका हाताने तू समोरच्याला अडवत असशील. ठेवलं तर पिस्तूल सतत गोळी सोडायच्या तयारीत, तुझ्या मांडीला चिकटलेलं. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवा. गोविंदा कोलकात्याला निघाला होता, परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी त्याच्याच पायात. स्वतःच्या घरात, समोर कुणी शत्रू नसताना. वर्तमानपत्रांनी विनोद केले, मला काही हसू आलं नाही. बऱ्याच जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि काडतूस ह्यांच्यामध्ये अडसर नसतो, म्हणून जुने जाणकार घोड्याखालचं घर रिकामं सोडायचे. दुकानात ही गोष्ट कोण सांगतं? आमच्याबरोबर दुकानात आलेल्या माणसाला दुकानदाराने काय सांगितलं, तर "साहेब, सफारीत दिसत पण नाही."

दिसत नाही, हीच खरी तक्रार असते बरं का! आमच्या पट्ट्यात पिस्तूल घेतात ते दिसावं म्हणून. लग्नात कोट जरा मागे सारायचा, टेबलावर बसताना "जरा टोचतंय" म्हणायचं. परवाना मिळाला की पेढे वाटणारे लोक मी बघितलेत. २०२४ च्या डिसेंबरात बीडमधल्या त्या सरपंचाच्या खुनानंतर कळलं की एका बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने आहेत. बाराशे माणसांच्या जिवाला धोका होता? मग पोलिसांनी छाननी सुरू केली आणि परवाने रद्द व्हायला लागले. त्याच वर्षी जुलैत मुळशीतला व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवणाऱ्या बाईंचा. तेही स्वसंरक्षणासाठीच घेतलं असणार, अर्जात दुसरं काय लिहितात?

आता जे लिहिणार आहे ते आईने वाचलं नाही तरी चालेल. परवान्याच्या पिस्तुलातून सुटलेली गोळी बहुतेक वेळा चोराला लागत नाही. माझ्याकडे टक्केवारी नाही, पण वर्तमानपत्रं मीही वाचते. २२ एप्रिल २००६, वरळी. प्रमोद महाजनांवर गोळ्या कुणी झाडल्या? सख्ख्या धाकट्या भावाने, परवान्याच्या बत्तीसच्या पिस्तुलातून, त्यांच्याच घरात, सकाळी. २ फेब्रुवारी २०२४, उल्हासनगर. गोळीबार थेट पोलीस ठाण्यात, अटक आमदाराला, आणि वाद जमिनीचा. त्याच महिन्याच्या ८ तारखेला दहिसरला अभिषेक घोसाळकर फेसबुक लाइव्ह चालू असताना मारले गेले. ते पिस्तूल मारणाऱ्याचं नव्हतंच, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना होता. हे तीनही प्रसंग आपल्या लोकलच्या पट्ट्यातले, ओळखीच्या स्टेशनांवरचे. ह्यात कुठेही मुखवटा घातलेला दरोडेखोर नाही. भाऊ आहे, प्रतिस्पर्धी आहे, ओळखीचा माणूस आहे. राग पाच मिनिटांचा असतो, आणि त्या पाच मिनिटांत हाताशी काय आहे एवढाच प्रश्न उरतो. तुला राग येतो रे. प्रेसच्या ऑपरेटरवर पाना फेकलेला मी बघितलाय. पाना भिंतीला लागला आणि दुसऱ्या दिवशी तू त्याला वडापाव खायला घातलास.

घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे. कपाटाची किल्ली कुठे असते हे त्याला माहीत नाही असं तू म्हणतोस. आपण त्या वयाचे होतो तेव्हा बाबांच्या कपाटाची किल्ली कुठे असायची? देवघरात, उदबत्तीच्या डब्याखाली. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

समजा हे सगळं बाजूला ठेवलं आणि तू घेतलंसच. मग सराव? परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घ्यायची हे लिहिलेलं असतं. समजा वर्षाला शंभर मिळाली. माझ्या एका मॅचमध्ये ६० छर्रे जातात, सव्वा तासात. त्याच्याआधी नेम जुळवायला जातात ते वेगळे. म्हणजे तुझा वर्षाचा सराव माझ्या दोन रविवारांएवढा सुद्धा नाही. एवढ्या सरावावर तू अंधारात, घाबरलेला, धडधडत्या छातीने, पत्र्याच्या गाळ्यांच्या गल्लीत गोळी झाडणार. पत्र्याच्या पलीकडे रात्रपाळीचं पॅकिंग चालू असतं, बायका बसलेल्या असतात. आणि पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातलीस तर कायदा तुला शाबासकी देत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क गरजेपुरताच, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतही तसंच होतं, २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तसंच आहे.

निवडणूक आली की समितीने सूट दिली नाही तर हत्यार पोलिसांकडे जमा करावं लागतं, ते वेगळंच. २०२४ मध्ये लोकसभाही झाली आणि विधानसभाही. खरा धोका असतो त्याच दिवसांत धोक्यावरचा उपाय पोलिसांच्या कपाटात. (ह्या मुद्द्यावर मी सरकारच्या बाजूने आहे. पण ज्यांना ते "जिवासाठी" हवं आहे त्यांनी विचार करावा.)

मला बंदुकांचा तिटकारा आहे असं कुणी समजू नये. मला पिस्तूल आवडतं, मनापासून. श्वास अर्धा सोडून थांबायचं, माशी स्पष्ट आणि ठिपका धूसर, आणि चाप कधी सुटला हे आपल्यालाच कळू नये, ह्यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. मनू भाकरने २०२४ ला पॅरिसमध्ये एअर पिस्तुलाची दोन कांस्यं आणली तेव्हा मी गाळ्यात एकटी ओरडले, टर्नर धावत आला. म्हणून तर चिडते. ज्या वस्तूने माणूस शांत व्हायला शिकतो तीच वस्तू लोक भीती आणि मिजास मिरवायला कमरेला बांधतात.

तेव्हा बाबा रे, आयुक्तालयात अर्ज टाकायच्या आधी एवढं कर. आपल्याकडे २०२० च्या ऑक्टोबरपासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचं वेगळं आयुक्तालय आहे, अर्ज कुठे पळून जात नाही. धमकीची तक्रार दिली आहेस, तिचा पाठपुरावा कर, मी बरोबर येते. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग गाळ्यातच ठेवलंयस, ते बाहेर कुठेतरी साठेल असं कर. संध्याकाळी शेजारच्या तीन गाळ्यांनी एकाच वेळी शटर ओढायचं ठरवा आणि रस्त्यापर्यंत एकत्र चाला. खर्च शून्य.

आणि नेम मारायचाच असेल तर एअर पिस्तूल घे. ४.५ मिलिमीटरचं, २० ज्यूलच्या आतलं, त्याला परवाना लागत नाही. दुकानात ओळखपत्र देऊन नोंद करावी लागते, ती कर. खेळणं समजू नकोस, डोळा जाऊ शकतो, आणि डब्यातून बाहेर काढायचं ते फक्त रेंजवर. चांगलं परदेशी दीड-दोन लाखांच्या घरात जातं, म्हणजे तुझ्या त्या बत्तीसच्या बजेटपेक्षा थोडं वर, पण शिकायला एवढं लागत नाही, भारतीय बनावटीची पण मिळतात. पहिले तीन महिने माझंच वापर. मुलालाही आण, चौदा हे शिकायला उत्तम वय आहे.

रविवारी सकाळी साडेसहाला रेंज ऑफिसच्या नाक्यावर भेट. (इतर वाचकांसाठी: वसई पूर्वेला रिक्षावाले "रेंज ऑफिस, रेंज ऑफिस" ओरडतात ते वनखात्याचं रेंज ऑफिस. पहिल्यांदा इकडे आलेला माझा एक नेमबाज मित्र फार खूश झाला होता.) तिथून स्टेशन, मग दादर, मग वरळी. माझ्या पिस्तुलाची मूठ उजव्या हाताची आहे आणि तू डावखुरा, त्यामुळे डावी मूठ कुणाकडे तरी मागून ठेवावी लागेल. शनिवारपर्यंत काय ते कळव.